झिऱ्याला पाजलेलं पाणी

पेल्यातला शेवटचा घोट घशाखाली उतरायच्या आधीच दातांखाली कचकन काहीतरी वाजलं, आणि मार्तंडराव मोरीपाशी पेला हातात धरून तसेच उभे राहिले. आवाज एवढासाच होता. शेजारी कुणी उभं असतं तरी त्याला ऐकू गेला नसता. पण डोक्याच्या आत तो कवटीभर घुमला. बाहेर वसाहतीतल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन कोंडीरामच्या मळ्याकडे निघाल्या होत्या, त्यांच्या पितळेचा खणखणाट येत होता, आणि त्या सगळ्या गलक्यापेक्षा त्यांना दातातली ही कचकच मोठी वाटली. त्यांनी पेला उजेडाकडे तिरपा केला. तळाशी तांबूस पिठीचा एक पातळ थर बसला होता, रांगोळीपेक्षाही बारीक. बोटाच्या चिमटीत घेऊन चोळला तर काहीच लागेना, नुसता बुळबुळीतपणा. बोटांना जे कळत नाही ते दातांना कळतं, हे त्यांच्या सेहेचाळीसाव्या वर्षी, एप्रिलच्या एका गुरुवारी सकाळी साडेसात वाजता पहिल्यांदाच लक्षात आलं, आणि लक्षात आलं म्हणून उगाच अपराध्यासारखंही वाटलं. जगात इतक्या माणसांनी पाणी प्यायलं असेल, त्यातल्या कुणाला हे आधी कळलं नसेल कशावरून? चारुशीलाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "काय झालं?" ते म्हणाले, "हे पाण्यात…" "गाळ आहे, ठाऊक आहे. दोनदा गाळून घेतलंय मी. आवरा, शाळेला उशीर होतोय." लग्नाला बावीस वर्षं झाली होती आणि तेवढ्या वर्षांत मार्तंडरावांची फारच थोडी वाक्यं त्यांची त्यांनी पुरी केली होती. त्यात चारुशीलाबाईंचा काही दोष नव्हता. ते अडखळत. शब्द गळ्यापर्यंत येत, एकावर एक चढत आणि तिथंच अडकून बसत. मागून घाई झाली की आणखीच अडकत. बाईंनी मायेपोटीच ती वाक्यं उचलून पुढं न्यायची सवय लावून घेतली होती, जसं एखाद्याच्या हातातलं जड ओझं आपण न विचारता घ्यावं. पेला मात्र त्या दिवशी त्यांनी विसळला नाही. कागदाने झाकून शाळेच्या पिशवीत ठेवला.

हायस्कुलात ते प्रयोगशाळा सहाय्यक होते. लोक त्यांना मास्तर म्हणत आणि दरवेळी त्यांना सांगावंसं वाटे की मी मास्तर नाही. पण ते सांगायला लागणारा वेळ समोरच्याकडे कधी नसे. मास्तर व्हायचं त्यांच्या मनात होतं. निजामी अमलात, उर्दू शाळेत शिकताना, तपासणीला आलेल्या साहेबाने वर्गाला विचारलं होतं की पाऊस पडून महिने झाले तरी विहिरीला पाणी कुठून येतं. मार्तंडला उत्तर येत होतं. तो उभा राहिला. साहेबाने घड्याळ काढलं आणि म्हणाला, जल्दी, जल्दी. तो जल्दी हा शब्द अजूनही त्यांच्या गळ्यात आडवा होता. शेजारचा मुलगा उठून काहीतरी चुकीचंच बोलला आणि त्याला शाबासकी मिळाली. संस्थान विलीन झालं, पुढं जिल्हा मुंबई राज्यात आला, मग महाराष्ट्र झाला, शाळेतली भाषा बदलली, पाट्या बदलल्या. काचेच्या नळ्या धुवायचं काम मात्र तेच राहिलं, आणि त्यात त्यांचं मन रमलं होतं. नळ्यांना घाई नसते.

वसाहत तशी नवीच होती. तुळजापूरच्या रस्त्याला, उस्मानाबाद गावाबाहेर, मुरमाड माळावर चौदा घरं. कचेरीतले कारकून, दोन शिक्षक, एक शिपाई, आणि सगळ्यांत वडीलधारे म्हणजे बाबूराव, तहसिलीतले निवृत्त पेशकार, जे आपोआपच अध्यक्ष झाले होते. मार्तंडरावांनी इथं दोन खोल्या बांधल्या त्या एका भिंतीसाठी. भाड्याच्या घरात पुस्तकं ट्रंकेत असायची. इथं ती एका आख्ख्या भिंतीवर उभी राहिली. वसाहतीची विहीर सहा परस, म्हणजे सहा पुरुष उंचीएवढी, खोल होती. चार परसांवर काळा पाषाण लागला आणि पाणी नाही. मग पौषात नळदुर्गकडच्या गुरुसिद्धप्पाला आणलं. सुरुंग लावणारा माणूस, पांढऱ्या मिशांचा, उजव्या हाताची दोन बोटं दारूनेच खाल्लेली. त्याने पाषाणाला भोकं पाडून दारू ठासली, सगळ्यांना माळावर लांब पळवलं, आणि धडाड् झाल्यावर खाली उतरून पाहतो तर काळ्या दगडाखाली तांबड्या मातीचा हातभर पट्टा उघडा पडलेला आणि त्याच्या अंगाने फुटलेल्या तीन भेगांतून मनगटाएवढे तीन झरे. दोन दिवसांत विहिरीला अडीच परस पाणी. गुलाल उधळला. बलभीम मिस्त्रीने दहा हॉर्सपॉवरचं इंजिन बसवलं आणि बाबूराव म्हणाले, "पूर्ण सोड रे! लोकांना धार बघू दे!" धार बघायला गावातून माणसं आली. दिवस मावळेपर्यंत इंजिन धडधडत होतं, पोरं पाटात लोळत होती, आणि विहीर तळापर्यंत उपसली तेव्हा टाळ्या पडल्या. तेव्हापासून तो रिवाजच पडला. विहीर रोज कोरडी केली की रोज ताजं पाणी येतं, हे बाबूरावांचं म्हणणं कुणालाच खोटं वाटलं नाही, कारण शिळ्या अन्नाचा अनुभव सगळ्यांनाच होता. फाल्गुनात विहीर भरायला एक रात्र पुरेना. चैत्रात दोन दिवस लागू लागले. आता तळाला गुडघाभर पाणी साचायला तीन दिवस लागत, आणि तेही गढूळ. दोन कुटुंबं घरांना कुलपं लावून गावात परत भाड्याने राहायला गेली होती. मागच्या बैठकीत ठरलं होतं की येत्या रविवारी गुरुसिद्धप्पाने दुप्पट दारूचा दुसरा सुरुंग लावायचा. त्यानेही पाणी लागलं नाही तर वसाहत मोडायची. ज्याने त्याने आपली वाट धरायची. मार्तंडराव त्या बैठकीत दाराजवळ बसून होते. त्यांनी हात वर केला होता, अर्धाच, आणि तो कुणी पाहिला नाही म्हणून डोकं खाजवल्यासारखं करून खाली घेतला होता.

दुपारच्या सुट्टीत प्रयोगशाळा रिकामी झाली तेव्हा त्यांनी एक लांब काचेची नळी उभी केली. तळाला खडे, त्यावर भरड वाळू. पेल्यातली तांबडी पिठी पाण्यात कालवली. आधी अगदी बारीक धारेने ओतलं. पाणी खाली ठिबकत राहिलं; पिठी वाळूच्या कणांना जागोजागी चिकटून बसली आणि पाणी तिच्या बाजूने आपली वाट काढत गेलं. मग त्यांनी भांडं एकदम पालथं केलं. क्षणभर खालून जोराची धार आली, इतकी की त्यांना स्वतःलाच बाबूरावांसारखा आनंद झाला. आणि मग काचेच्या आड त्यांनी पाहिलं की जोराच्या पाण्याने वाळूला चिकटलेली पिठी सुटली, वाहत निघाली, आणि जिथं दोन खड्यांमधली फट अरुंद होती तिथं एक कण अडकला, त्याच्यावर दुसरा, त्याच्यावर पन्नास. कमान झाली. धार बारीक झाली, मग ठिबकली, मग थांबली. वर नळीभर पाणी उभं आणि खाली कोरडं. त्यांनी आणखी पाणी ओतलं. कमान आणखी घट्ट झाली. म्हणजे झरे आटले नव्हते. पाणी तिथंच होतं, भेगांच्या मागं, दगडाच्या पलीकडे, गळ्यापर्यंत आलेलं. ही गोष्ट कळली तेव्हा त्यांचा हात नकळत स्वतःच्या गळ्याकडे गेला, आणि लगेच त्यांनी तो खाली घेतला, कारण स्वतःविषयी इतका विचार करणं त्यांना बरं वाटेना. पण आणखी सुरुंग म्हणजे आणखी भुगा, आणि वर पूर्ण सोडलेलं इंजिन, एवढं तरी उघड होतं. ते नळीकडे बघत बसले. कमान मोडायची कशी? त्यांनी नळीच्या खालच्या तोंडाला तोंड लावलं आणि अगदी हलकं, दूध फुंकावं तसं, उलटं फुंकलं. तांबडा ढग वर उठला. तोंड बाजूला घेतलं. पाणी आधी लालभडक, मग गुलाबी, मग स्वच्छ वाहू लागलं.

आणि तेव्हा त्यांना तेर गावची तारामती आत्या दिसली. तेरणा नदीच्या कोरड्या पात्रात उकिडवी बसलेली, पदर कमरेला खोचलेला, समोर वाळूत कोपरभर खोल खणलेला झिरा, आणि हातात नारळाची करवंटी. आसपासच्या बायका भराभरा उपसत, त्यांच्या झिऱ्याच्या कडा ढासळत, पाणी गढूळ होई आणि घटकेत झिरा मिटून जाई; मग त्या दुसरीकडे खणत. आत्याचा झिरा मात्र अख्खा उन्हाळा चाले. तिची एक रीत होती. पहाटे आल्यावर घरून आणलेल्या तांब्यातलं अर्धं पाणी ती आधी झिऱ्यात ओतायची. लहानग्या मार्तंडला ते फार विचित्र वाटायचं, पाण्याला आलेल्या बाईने पाणी ओतायचं. "त्याला पाजावं लागतं बाळा," ती म्हणायची, "रातीतून त्याचा घसा बसलेला असतो." मग ती हात जोडल्यासारखे गुडघ्यांत दाबून बसून राहायची, काही न करता. मग पहिल्या चार करवंट्या गढूळ पाणी बाजूला फेकायची आणि पाचवीपासून घागर भरायची. बायका तिला हसत. मार्तंड काही बोलायला लागला की घरातलं सगळं माणूस म्हणे, आटप, आटप; आत्या एकटी करवंटी थांबवून त्याच्या तोंडाकडे बघत राहायची, वाक्य पुरं होईपर्यंत. ती वारली तेव्हा ते अकरा वर्षांचे होते. शाळेतल्या टेबलापाशी बसून, ओली नळी हातात धरून, त्यांना तिचं बसून राहणं इतकं जवळ आलं की वाळूचा तो थंड ओला वास नाकाशी आला आणि पुढच्या तासाची घंटा ऐकूच आली नाही.

शुक्रवारी संध्याकाळी बाबूरावांच्या ओसरीवर बैठक भरली. दारूची पेटी आलीच होती. गुरुसिद्धप्पा पायरीवर बसून तंबाखू मळत होता. बाबूरावांनी घसा साफ केला. "फैसला तर झालेलाच आहे. रविवारी सकाळी नऊला सर्वांनी पोराबाळांसह माळावर लांब जायचं. कुणाची काही दरख्वास्त?" विचारून ते कागद गुंडाळूही लागले. मार्तंडराव उभे राहिले. आपण उभे आहोत हे त्यांना इतरांच्या मानांवरून कळलं. "बोला मास्तर, बोला. जरा लवकर, दिवा लावायची वेळ झाली." तोच शब्द, मराठीत. छातीतून एक वाक्य वर निघालं, त्याच्या मागून दुसरं, तिसरं, आणि सगळी येऊन त्या नेहमीच्या जागी थडकली. त्यांना आतल्या आत स्पष्ट दिसलं, एक अडकलेला, त्यावर दुसरा, त्यावर पन्नास. ओसरीवर कुणीतरी खोकलं. बायकांच्या बाजूला चारुशीलाबाई पुढं सरकल्या, त्यांचे ओठ उघडले. त्या आता वाक्य उचलणार होत्या आणि काल रात्री जेवताना ऐकलेलं सगळं नीट सांगणार होत्या, कदाचित त्यांच्यापेक्षा चांगलं. मार्तंडरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग जन्मात कधी केली नव्हती अशी गोष्ट केली. त्यांनी ढकलणं सोडून दिलं. आत आलेला श्वास त्यांनी तसाच मागं जाऊ दिला आणि हात बाजूला सोडून ते नुसते उभे राहिले. किती वेळ, कोण जाणे. बाबूरावांचा कागद गुंडाळायचा थांबला. मळ्याकडून मोटेच्या चाकाचं कुरकुरणं ऐकू यायला लागलं, इतकी शांतता झाली. आणि मग शब्द आले, एकेक, मध्ये अंतर ठेवून.

"मी… सावकाश बोलणार आहे. तुम्हाला थांबावं लागेल."

कुणीतरी हसलं, पण थांबले सगळेच. त्यांनी पिशवीतून नळी काढली. शेजाऱ्याच्या हातात भांडं दिलं, भराभर ओतायला सांगितलं, आणि धार कशी फुलते नि कशी मरते ते दाखवलं. मग उलटं फुंकून ती परत वाहती केली. दुसरा सुरुंग नको, ते म्हणाले. झऱ्यांची तोंडं मिटलीत. इंजिनचा नळ मोकळाच आहे. तो विहिरीत उभा सोडून त्याचं खालचं टोक झऱ्याच्या तोंडात बसवू, भोवती गोणपाट नि चिकणमाती ठासू, वर काठावर पिंप ठेवू आणि पिंपात पाणी ओतू. सहा परसांच्या उंचीचं पाणी खाली दाब देईल. "ओतायचं म्हणजे?" बाबूरावांनी विचारलं. "कुठलं पाणी?" मार्तंडराव म्हणाले, "कोंडीरामच्या मळ्यातलं. स्वच्छ. दोन-तीनशे… घागरी लागतील."

यावर जो गलका झाला त्यात शिपायाची बायको कमलबाई, जिचा आवाज मूळचाच पहाडी, सगळ्यांच्या वर निघाली. "आगं माय! डोईवर घागरी वाहून वाहून माझ्या टाळूला टक्कल पडायलंय, आन् हे म्हनतेत हिरीत वता! पानी प्यायला मिळंना, आन् हिरीला पाजा!" सगळे हसले. चारुशीलाबाईसुद्धा. मार्तंडराव म्हणाले, "होय. पाजाच. माझी आत्या… झिऱ्याला पाजायची."

"मास्तर खरं बोलायलेत," पायरीवरून गुरुसिद्धप्पा म्हणाला. त्याने तंबाखू दाढेखाली सारली. "उत्तरंची बाजू म्या बघून आलो सकाळी. कड हललीय तिची. दुसऱ्या बाराला हीर बसली तर मला म्हनू नका. आन् आमचा बाप म्हनायचा, नवी हीर बाळंतीण असती, तिला म्हैनाभर पळवू नका. म्या हे तवाच बोललो हुतो, इंजिन लावायल्याव तवा. पर ऐकतो कोन? तुमाला धार बघायची हुती."

"का पळवू नये ते नाही सांगितलंस," बाबूराव चिडून म्हणाले.

"का, ते बापानं मला कुटं सांगितलं? ते आज मास्तरांनी दावलं की, काचंत."

बाबूरावांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, परत घातली. ते मानी होते, पण सरकारी दप्तरात मुरलेला माणूस पुरावा बघितला की फार वेळ भांडत नाही. "रविवारपर्यंत. रविवारी दिवस बुडायच्या आत पाणी दिसलं नाही तर सोमवारी बार उडेल. आणि मास्तर, मग ह्या तीनशे घागरींचा जाब मी तुम्हाला विचारणार." कोंडीरामला निरोप गेला. तो बैल सोडून आला, सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाला, "माझ्या हिरीचं पानी तुमच्या हिरीत? न्या बापहो. शान्या लोकांचं काय खरं न्हाय, पर बघायला तर येतोच."

शनिवारभर बलभीम पान्हे घेऊन नळ जोडत होता. मार्तंडरावांना झोप लागली नाही. नळी आणि विहीर एकच असते कशावरून? काचेत खडे मी ठेवले होते. दगडात कुणी ठेवले? एक पेला पाणी आणि एक म्हातारी, एवढ्या जिवावर मी तीनशे घागरी मागितल्या. पहाटे त्यांना वाटलं उठून बाबूरावांकडे जावं आणि माफी मागावी. ते उठलेही, पण बाहेर अंगणात कमलबाई चुंबळ सारखी करत, पहिली घागर घेऊन विहिरीकडे चालली होती, आणि तिच्या मागे वसाहतीतल्या सगळ्या बायका, आणि त्यांत सगळ्यांत मोठी घागर चारुशीलाबाईंच्या डोक्यावर. ते गुपचूप धोतर खोचून विहिरीत उतरले. पायऱ्या अर्ध्यावर संपत, पुढं दोर. त्यांना उंचीचं भय होतं, लहानपणापासून, आणि खाली पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं की उतरताना भ्यायचं राहूनच गेलं.

खाली गारवा होता आणि वर आभाळाचा एक गोल. काळ्या पाषाणाखाली तो तांबडा पट्टा, ओला, जखमेच्या कडेसारखा. गुरुसिद्धप्पाने त्याच्या तीन बोटांच्या हाताने पहिल्या भेगेत नळाचं तोंड बसवलं, भोवती गोणपाट कोंबलं, माती थापली, आणि पाठीने ते दाबून धरलं. "सोडा!" वरून घागरी रिकाम्या व्हायचा आवाज नळातून खाली आला, पोकळ, लांबचा. पिंप भरलं. बलभीम वरून ओरडला, "मास्तर, पिंप भरलं! पानी हलंना!" दहा मिनिटं गेली. "हलंना!" बाबूरावांचा आवाज आला, "आणखी ओता! पूर्ण भरा, दाब वाढवा!" आणि मार्तंडरावांच्या हातांत, गुडघ्यांमध्ये दाबलेले आत्याचे हात आले. पाजायचं, आणि बसून राहायचं. त्यांनी मान वर केली आणि असा आवाज काढला की तो कुणाचा हे पहिल्यांदा त्यांनाच कळलं नाही. "थांबा! कुणी ओतू नका! थांबा!" विहिरीने तो आवाज चारपट करून वर नेला. काठावरच्या बायकांनी घागरी खाली ठेवल्या. गुरुसिद्धप्पाने मिशीतून हसून पाहिलं. मार्तंडरावांनी दगडावर तळहात टेकला, आणि थांबले. एक उभं आयुष्य त्यांनी इतरांना आपल्यासाठी थांबायला लावल्याबद्दल मनातल्या मनात माफी मागत काढलं होतं. आता अख्खी वसाहत थांबली होती आणि त्यांना माफी मागावीशी वाटली नाही. दगड गार होता. मग तळहाताखाली, खोल कुठंतरी, मांजराने अंग हलवावं तसं काहीतरी हललं. वर पिंपात गुडगुडलं.

"बोटभर उतरलं!" बलभीम ओरडला. मग, "ईतभर! मास्तर, ढसाढसा प्यायलीय की हो!"

साठ घागरी पहिल्या झऱ्याने पिऊन टाकल्या. मग मार्तंडरावांनी खूण केली आणि गुरुसिद्धप्पाने गोणपाट ओढलं. क्षणभर काहीच नाही. आणि मग भेगेने खाकरावं तसा आवाज करून तांबड्या लापशीची पिचकारी मारली, ती सरळ म्हाताऱ्याच्या छातीवर. "अय्यो, यप्पा! धुळवडच की!" तो नाचायला लागला. लाल पाणी, मग गुलाबी, मग गढूळ, मग, दुपारचं ऊन तळापर्यंत उतरलं तेव्हा, स्वच्छ. परत बसवलं, परत पाजलं, परत सोडलं. दुसरा झरा दीडशे घागरींनंतर उघडला. तिसऱ्यासाठी घागरी मोजायचं सगळे विसरले होते. कमलबाई ओरडत होती, "पी गं बाई, पी! लेकरागत रुसून बसली हुतीस!" कोंडीरामने बैल परत जुंपले होते आणि मोट थांबू देत नव्हता. बाबूराव, पेशकार बाबूराव, टोपी काठावर काढून ठेवून घागर दोन्ही हातांनी धरून पिंपाकडे चालले होते, आणि पाणी त्यांच्या कोटावर सांडत होतं. सूर्य माळाला टेकला तेव्हा विहिरीच्या तळाशी मार्तंडराव आणि गुरुसिद्धप्पा मांडीभर पाण्यात उभे होते, आणि तीन झरे तीन सुरांत बोलत होते. दोर धरून वर येताना मार्तंडरावांना वर हात द्यायला इतके हात पुढं आले की कुठला धरावा कळेना.

दारूची पेटी मंगळवारच्या मोटारीने नळदुर्गला परत गेली. जाताना गुरुसिद्धप्पा म्हणाला, "माझं काम घालवलंव मास्तर तुमी," आणि पाया पडला; मार्तंडराव इतके गोंधळले की तेही वाकले आणि दोघांची डोकी आपटली. आठ दिवसांत पाणी दोन परस चढलं. मार्तंडरावांनी चुना घेऊन, पुन्हा त्या दोरावरून उतरून, पाणी एक परस चढलं होतं तेव्हाच भिंतीला पाण्यालगत एक पांढरी रेघ मारून ठेवली होती. रेघेखाली उपसायचं नाही, आणि इंजिन कधीही पूर्ण सोडायचं नाही. बाबूरावांनी ते स्वतःच्या अक्षरात लिहून ओसरीवर लावलं, खाली सही केली, आणि सहीच्या वर "मार्तंडराव मास्तर यांच्या हुकुमावरून" असं घातलं. गावात गेलेली दोन्ही कुटुंबं परत आली. त्यांनी कुलपं उघडली त्या सकाळी बलभीमने हँडल मारून इंजिन चालू केलं आणि त्या धडधडीतून विचारलं, "किती सोडू, मास्तर?" मार्तंडरावांनी काठावर उभं राहून, दोन्ही हात तोंडाशी धरून, अख्ख्या माळाला ऐकू जाईल असं सांगितलं, "सावकाश!" नळाच्या तोंडाशी करंगळीएवढी, मग अंगठ्याएवढी धार आली. तेवढीच राहिली. आणि तेवढीच राहत राहिली, दुपारपर्यंत, संध्याकाळपर्यंत, दुसऱ्या दिवशीही.

घरी आल्यावर त्यांनी मोरीपाशी उभं राहून पेला भरला, आणि न पिता बाजूला ठेवला. तास गेला. मग तो उजेडाकडे तिरपा केला. तळाशी पेल्याचा घडीव वेलबुट्टा दिसत होता, पाकळीन् पाकळी. त्यांनी शेवटच्या थेंबापर्यंत पाणी प्यायलं, दातावर दात घासून पाहिला. काही वाजलं नाही. चारुशीलाबाई दारात उभ्या होत्या. "कसं आहे?" त्यांनी विचारलं. मार्तंडरावांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि शब्द, सवयीने, गळ्याशी येऊन थांबले. बाईंच्या ओठांवर उत्तर तयार होतं, ते त्यांना दिसलं. बाईंनी ते बाहेर येऊ दिलं नाही. त्या उंबऱ्यावर बसल्या, दोन्ही हात गुडघ्यांत दाबून, त्यांच्या तोंडाकडे बघत, जगात दुसरं काहीच काम नसल्यासारख्या.

"गोड," मार्तंडराव म्हणाले. मग थोडं थांबले. "आणि… पुष्कळ आहे."